पेढीला पत्ता हवाच

‘बाईने दागिना ठेवला, सराफाने पैसे मोजून दिले, दोघंही राजीखुशीने. मग मध्ये सरकार कशाला?’ हा सवाल हल्ली फार सहज विचारला जातो. व्यापाराला मोकळीक हवी असं म्हणणारे तो विचारतात, अर्थकारणावर बोलणारे विचारतात, आणि ज्यांच्या घरातला एकही दागिना आजवर गहाण पडलेला नाही, ती माणसं तर हमखास विचारतात. त्यांचं म्हणणं असं: गहाणवटीच्या धंद्याला ठरावीक हद्दीचा परवाना लागणं हा लायसन्स राजचा उरलेला अवशेष आहे. सोनेतारण कर्ज देणाऱ्या कंपन्या आता नाक्यानाक्यावर आहेत, मोबाइलवर कर्ज मिळतं, रिझर्व्ह बँक वरून लक्ष ठेवते. अशा काळात शिवडीच्या सराफाने परवाना काढायचा, त्याचं वेळोवेळी नूतनीकरण करायचं, हद्दीबाहेर कर्ज द्यायचं नाही, सरकारने ठरवलेल्या दराहून जास्त व्याज घ्यायचं नाही, हा जाच कशासाठी? एवढं करून बेकायदा सावकारी थांबलेली नाहीच. मग प्रामाणिक माणसाचा धंदा अडवून मिळवलं काय?

हे म्हणणं मला मुळापासून चुकीचं वाटतं आणि त्याचा रागही येतो. राग अशासाठी की या सगळ्या युक्तिवादात दुकानदाराची सोय आहे, कंपन्यांची वाढ आहे, सरकारी कारकुनाचा त्रास आहे. पावती हातात घेऊन पेढीच्या पायरीवर उभी असलेली बाई मात्र कुठेच नाही.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. तमिळनाडूत १९४३पासून आणि कर्नाटकात १९६१पासून गहाणवटदारांसाठी वेगळे कायदे आहेत. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. दागिने तारण ठेवून कर्ज देणारा सराफ इथे सावकारीच्याच कायद्याखाली येतो. तो कायदा आधी १९४६चा होता, आता महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा आहे. परवाना सहकार खात्याचा निबंधक देतो. ज्या क्षेत्रासाठी परवाना मिळाला त्या क्षेत्राबाहेर धंदा करता येत नाही. रोकडवही आणि खातेवही ठेवावी लागते. कर्ज किती, व्याज काय, तारण कोणतं, हे लिहिलेलं विवरण कर्जदाराला द्यावं लागतं. व्याज म्हणून मुद्दलापेक्षा जास्त रक्कम वसूल करता येत नाही. आपला जुना दामदुपटीचा नियम तो हाच. परवाना नसलेल्या सावकाराने कोर्टात दावा लावला तर त्याला हुकूमनामा मिळत नाही. बिनपरवाना धंदा करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि बिनपरवाना सावकाराच्या ताब्यात गहाणाची वस्तू सापडली, तर निबंधक ती कर्जदाराला परत करायला लावू शकतो.

यातलं नेमकं कोणतं कलम जाचक आहे? हिशेब लिहिणं की लेखी विवरण देणं? परवाना काढून टाका म्हणणाऱ्यांनी हे एकदा बोट ठेवून सांगावं.

त्यांच्या विचारातली सगळ्यात मोठी चूक अशी की ते गहाणवटीला नुसतं कर्ज समजतात. बँकेचं साधं कर्ज घेतलं तर बँकेचा पैसा आपल्याकडे असतो आणि धास्ती बँकेला असते. गहाणात उलट घडतं. बाईने लाखाचा ऐवज पेढीवर ठेवला आणि ५० हजार घेतले, तर त्या घटकेला कोणाचं येणं कोणाकडे जास्त आहे? विश्वास कोणी जास्त टाकला आहे? सराफाकडे सोनं आहे. ते वितळवता येतं, विकता येतं, दुसरीकडे चढ्या रकमेला पुन्हा गहाण टाकता येतं. बाईकडे कागदाचा एक चिटोरा आहे. दुसऱ्याचं सोनं स्वतःच्या कपाटात ठेवणाऱ्या माणसाने आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि वह्या सरकारदरबारी दाखवाव्यात, एवढीच परवान्याची मागणी आहे. ती जास्त कशी होते?

शिवडीत राहून पाहिलं की पत्त्याचं मोल कळतं. शिवडी नाका, टी. जे. रोड, झकेरिया बंदर रोड, बंदराच्या जमिनीवरच्या बीडीडी चाळी हा सगळा पट्टा गोदीच्या आणि गिरणीच्या कमाईवर उभा राहिला. स्वान मिल गेली, गोदीतली कायम नोकरी आटली. जूनमध्ये शाळेची फी आली की पाटली पेढीवर जाते. गणपतीला गावी निघायच्या आधी बोरमाळ सोडवून आणायची असते, कारण गावात मोकळ्या गळ्याने फिरलं की नातेवाइकांना न सांगता सगळं कळतं. हा व्यवहार ओळखीच्या रस्त्यावरच होतो. कोणाची सासू त्याच पेढीवर जायची, कोणाची शेजारीण जाते. बाई कंपनी निवडत नाही, दुकान निवडते. ते दुकान उद्याही तिथेच असेल या भरवशावर ती मंगळसूत्राच्या वाट्या काढून देते.

आणि ते दुकान उद्या तिथे असेल याची आज काय खात्री आहे? १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू सुरू झाला आणि तो शिवडीतूनच निघतो. शिवडी–वरळी उन्नत मार्गाचं काम परळ-प्रभादेवीपर्यंत घुसलं आहे. लालबाग, परळ, शिवडी या पट्ट्यात चाळीमागून चाळ पुनर्विकासाला जाते आहे. चाळ रिकामी झाली की वरच्या खोल्यांतले भाडेकरू संक्रमण शिबिरात जातात आणि तळमजल्यावरचे गाळेवाले जमेल तिथे पांगतात. किराणा दुकानदार विरारला गेला तर गिऱ्हाइकाचं फार बिघडत नाही. सराफ गेला तर? त्याच्या तिजोरीत अर्ध्या वस्तीचे दागिने आहेत. तो ते घेऊन गेला, आणि कुठे गेला हे कुठल्याच दप्तरात नोंदलेलं नसेल, तर बाईने काय मुंबईभर पेढ्या हुडकत फिरायचं? ज्या काळात शहरातला प्रत्येक पत्ता हलतो आहे, नेमक्या त्याच काळात पत्त्याशी बांधलेला परवाना कालबाह्य झाला असं म्हणायला धीर कसा होतो?

ही भीती आजची नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले तेव्हा त्यांना प्रामुख्याने सावकाराकडचे कागद हवे होते. खतं आणि दस्तऐवज मिळवून त्यांनी जाळले. कर्ज घेतलंच नाही असं कोणी म्हणत नव्हतं. आपल्याविरुद्ध काय लिहून ठेवलंय हे आपल्याला वाचता येत नाही, आणि ते तपासणारा तिसरा कोणी नाही, याचा तो संताप होता. त्यानंतर १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. गिरणगावाची कथा याहून वेगळी नव्हती. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या ज्या शाही कामगार आयोगावर ना. म. जोशी सदस्य होते, त्याने १९३१च्या अहवालात औद्योगिक कामगारांच्या कर्जाचा प्रश्न मांडला. रुपयाला महिना एक आणा हा तेव्हाचा सर्रास चालणारा दर, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. सोळा महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढं होतं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या वसुलीवाल्यांविरुद्ध फौजदारी तरतूद करा, असं त्या आयोगाला सुचवावं लागलं. पुढे १९४६चा सावकारी कायदा आला. म्हणजे ‘सरकार कशाला?’ हा प्रयोग आपण आधी करून पाहिलेला आहे. त्याचा निकाल परळ-लालबागच्या आज्यांना पाठ होता.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांत पगार यायचा थांबला. आधी दागिने गेले, मग तांब्या-पितळेची भांडी गेली. त्यांतलं किती परत आलं हे सांगणारी वही कुठे असेल तर ती परवानाधारकाच्याच पेढीवर. खानावळी चालवणाऱ्या बायकांचंही तेच. वाण्याकडची उधारी आणि सावकाराकडचं गहाण यांत त्यांची आयुष्यं अडकली होती, म्हणून तर १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्या बायकांना बँकेच्या दारापर्यंत नेलं. त्या कामाची गरज का पडली, हे मोकळ्या बाजाराची भलावण करणाऱ्यांनी जाणून घ्यावं.

आता रिझर्व्ह बँकेचा मुद्दा. ‘वरून देखरेख आहे, खालची कशाला?’ १० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांच्या प्रकरणात निकाल दिला: रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या बिगरबँक वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. या निकालाचा आधार घेऊन आता म्हटलं जातं की कंपन्यांना सूट, मग छोट्या सराफानेच काय घोडं मारलंय? पण हा निकाल नीट वाचला तर त्याचा पाया काय आहे? या कंपन्यांवर दुसऱ्या कायद्याची आणि दुसऱ्या नियंत्रकाची पूर्ण पकड आहे, म्हणून त्यांना राज्याच्या कायद्यातून बाहेर ठेवलं. शिवडी नाक्यावरच्या पेढीवर रिझर्व्ह बँकेची कसली पकड आहे? तिच्यासाठी निबंधकाचा परवाना हा एकमेव लगाम आहे. तो काढला तर काहीच उरत नाही.

शिवाय ज्यांच्यावर दिल्ली-मुंबईच्या पातळीवरून देखरेख होते त्यांचंही सगळं आलबेल नसतं. ४ मार्च २०२४ला रिझर्व्ह बँकेने आयआयएफएल फायनान्स या कंपनीला नवी सोनेतारण कर्जं देण्यास मनाई केली. कर्ज देताना आणि पुढे लिलाव करताना सोन्याची शुद्धता व निव्वळ वजन ठरवण्यात गंभीर तफावती, हे त्यातलं एक कारण. ती बंदी सप्टेंबरमध्ये उठली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला रिझर्व्ह बँकेने सगळ्याच सोनेतारण कर्जदात्यांना पत्रक काढून बजावलं: ग्राहक समोर नसताना मूल्यांकन होतंय, लिलावात पारदर्शकता नाही. मग २०२५मध्ये नवी नियमावली आली. तीत असं म्हटलं आहे की कर्ज फिटल्यावर दागिना त्याच दिवशी किंवा जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा. कर्जदात्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पाहा, मोठ्या कंपन्यांवरचे नियम वर्षागणिक कडक होत आहेत. वजन, शुद्धता, लिलाव, परतीची मुदत या सगळ्यांत शिस्त लागते आहे. आणि आपण म्हणतो आहोत की छोट्या पेढीवरचा आहे तो नियमही काढा! याला सुधारणा म्हणायचं?

हद्दीच्या अटीविरुद्ध एक उदाहरण नेहमी दिलं जातं आणि ते खरं असल्यामुळे त्याला नीट उत्तर द्यायला हवं. २०१५मध्ये राज्य सरकारने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकारांकडचं कर्ज माफ करायचं ठरवलं. अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा दिसलं की अनेक सावकारांनी आपल्या परवान्याच्या क्षेत्राबाहेरच्या शेतकऱ्यांना कर्जं दिली होती. ते शेतकरी माफीतून वगळले गेले. पुढे काही वर्षांनी सरकारला ती अट बाजूला सारून त्यांना आत घ्यावं लागलं. यावरून निष्कर्ष असा काढला जातो की हद्दीची अट गरिबाच्याच मुळावर येते.

पण इथे चूक कोणाची झाली? हद्द ओलांडली सावकाराने. कायद्याने शिक्षा व्हायला हवी होती त्याला. तिचा फटका मात्र शेजारच्या तालुक्यातून आलेल्या, ज्याला परवान्याची हद्द कुठे संपते हे कोणी सांगितलंच नव्हतं, अशा शेतकऱ्याला बसला. हा दोष माफीच्या अटी लिहिणाऱ्यांचा आहे. आणि दुसरी गोष्ट: सावकार सर्रास हद्द ओलांडत होते हे उघड झालं कशामुळे? परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं होतं म्हणून. वह्यांत शेतकऱ्यांची नावं-गावं होती म्हणून. हद्द नसती तर हा प्रकार कधी कळलाच नसता. या प्रकरणातून शिकायचं असेल तर एवढंच शिकायचं की हद्द मोडल्याचा भार सावकारावर टाका, कर्जदारावर नको.

‘परवाना असून बेकायदा सावकारी चालतेच’ हा सगळ्यात आवडता युक्तिवाद. चालते, मान्य. पण तिला बेकायदा म्हणता येतं कशाच्या जोरावर? परवान्याच्या. बिनपरवाना सावकाराने पाटल्या दाबून ठेवल्या तर आज कर्जदार निबंधकाकडे अर्ज करू शकतो आणि वस्तू परत मिळवू शकतो. परवाना रद्द केला की तोच सावकार उद्या साधा व्यापारी ठरतो आणि बाईच्या हाती उरतो तो १८७२चा करार कायदा. त्या कायद्यात गहाण सोडवायचा हक्क आहे, विकण्याआधी वाजवी नोटीस देण्याचं बंधनही आहे. पण तो हक्क बजावायला दिवाणी दावा लावावा लागतो. दोन घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने १२ ग्रॅमच्या माळेसाठी वकील लावून तारखांना जायचं? तिला उपनिबंधकाच्या कचेरीत साध्या कागदावर अर्ज देता येतो, हे किती मोठं आहे ते वकिलाची फी भरू शकणाऱ्यांना कळत नाही. चोरीचा माल गहाण टाकला जातो तेव्हाही पोलिसांना आधी पेढीची वहीच लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

व्याजदराबद्दल मी वाद घालणार नाही असं नाही. सप्टेंबर २०१४च्या अधिसूचनेनुसार बिगरशेती तारण कर्जाला वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जाला १८ टक्के ही कमाल मर्यादा. शेतकऱ्यांना ९ आणि १२. सराफांचं म्हणणं की एवढ्यात परवडत नाही, आमच्यापेक्षा कंपन्या जास्त घेतात. ठीक आहे, दर वाढवून मागा, सरकारपुढे हिशेब मांडा. पण दर चुकीचा आहे म्हणून वहीच नको, हे कुठलं तर्कशास्त्र? आणि दराचं मोल किती असतं तेही सांगतो. शेकडा तीन रुपये महिना, असं बोली भाषेत सहज म्हटलं जातं. ५० हजारांवर ते वर्षाला १८ हजार होतात. १५ टक्क्यांनी ७,५०० होतात. फरक साडेदहा हजारांचा. शिवडीतल्या कितीतरी घरांत हा एका माणसाचा महिन्याचा पगार आहे. ‘दोघंही राजी आहेत’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, मुलगा इस्पितळात असताना रात्री नऊ वाजता पेढीवर आलेल्या आईने शेकडा तीनला नकार कसा द्यायचा? राजी असायला पर्याय लागतो.

सोन्याच्या भावाने तर हा प्रश्न आणखी धारदार केला आहे. दहा वर्षांपूर्वी तोळ्याला पंचवीस-तीस हजारांच्या आसपास असलेलं सोनं २०२५मध्ये लाखाच्या पलीकडे गेलं. म्हणजे काही वर्षांपूर्वी ठेवलेला दागिना आज कर्ज आणि व्याज दोन्ही मिळून जेवढं होतं त्याच्या कितीतरी वर असू शकतो. अशा वेळी सराफाला कर्ज फिटण्यात जास्त फायदा की थकण्यात? ‘मुदत संपली, माल विकला’ एवढ्या एका वाक्यात बाईचे किती हजार बुडाले हे कळणार कसं? वजन, शुद्धता, तारीख, मुद्दल आणि व्याज लिहिलेलं असेल आणि ते तपासणारा अधिकारी जवळच्या कचेरीत बसलेला असेल तरच. भाव पडलेला असताना निष्काळजीपणा एक वेळ चालून गेला असेल. भाव चढलेला असताना परवाना सैल करणं म्हणजे गरिबाच्या उरल्यासुरल्या बचतीवर उघड दरोडा टाकायला वाट मोकळी करणं आहे.

म्हणून मी उलटी मागणी करतो. परवाना आहे त्याहून अधिक स्थानिक करा. एफ दक्षिण वॉर्डातल्या सगळ्या परवानाधारक पेढ्यांची यादी वॉर्ड कचेरीत, रेशन दुकानात आणि शिवडी स्टेशनाबाहेर मराठीत लावा. परवाना क्रमांक दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहायला लावा. पावतीवर दागिन्याचा फोटो, एकूण आणि निव्वळ वजन व शुद्धता हे सगळं कर्जदारासमोर नोंदवलं जाऊ दे. विक्री झाली तर वर आलेली रक्कम बाईला चेकने मिळाल्याची नोंद निबंधकाकडे जाऊ दे. आणि इमारत पुनर्विकासाला जात असेल तर गाळा रिकामा करण्याआधी पेढीवाल्याने प्रत्येक कर्जदाराला लेखी कळवावं, नवा पत्ता परवान्यावर चढवून घ्यावा. तो चढेपर्यंत त्या इमारतीतून एकही गहाणाचा दागिना बाहेर हलवायला बंदी असावी. जो सराफ प्रामाणिक आहे त्याला यात गमवायचं काहीच नाही. ज्याला हे नको आहे, त्याच्या तिजोरीची तपासणी निबंधकाने उद्याच करावी.